प्रभाची सागवानी शेड

आमच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी घराचं इंटिरियरचं काम काढलंय. सकाळचा चहा झाला की सुरू. फट्ट, फट्ट, मधेच कॉम्प्रेसरची घरघर. सोसायटीच्या ग्रुपवर लोक तक्रारी करतात. आमचे दळवी मात्र प्रत्येक फट्टला पेपरातून मान वर काढतात आणि कान देऊन ऐकतात. काल म्हणाले, "प्लायच आहे. सागवान असतं तर आवाज वेगळा आला असता." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला मी केलेल्या दोन आमट्यांतला फरक कधी कळला नाही. स्लॅबच्या पलीकडचं लाकूड मात्र कळतं. ही सगळी प्रभाची कृपा.

प्रभा परुळेकर भोईवाड्यातल्या आमच्या जुन्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत राहायची. माझ्याच वयाची. लग्न केलं नव्हतं. भावांची शिक्षणं, त्यांची लग्नं, आईचं आजारपण यात तिचं राहून गेलं असं चाळ म्हणायची. ती स्वतः त्यावर काही म्हणायची नाही. गावी निघून गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं एवढं मला कळतं. पण मी तिच्यावर जळत होते आणि अजूनही जळते, हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे मागाहून कुणी मला तिरकं लिहिलं म्हणायला नको.

ती प्रदर्शनांचे स्टॉल उभारणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरीला होती. कचेरी आणि गोडाऊन एकाच जागी, इथेच अँटॉप हिलच्या पायथ्याशी. काम हिशेबाचं आणि सुतारांच्या हजेरीचं, पण बाईसाहेबांची खुर्ची बहुतेक रिकामी. ती आपली गोडाऊनमध्ये, सुतारांच्या घोळक्यात. निवृत्त झाली तेव्हा मालकाने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. हिने आधीच निरोप धाडला की घड्याळ घरात आहे, नारळ गावाहून येतात, मला तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्रेसर द्या आणि दोन नेलगन. नेलगन म्हणजे हवेच्या दाबाने खिळा मारणारं पिस्तुलासारखं यंत्र. टोक लाकडावर टेकवून घोडा ओढला की फट्ट, खिळा आत. मालक हसला आणि दिलं. हातगाडीवरून ते धूड चाळीत आलं तेव्हा आम्ही सगळ्या बायका गॅलरीत उभ्या होतो. मीही त्याच सुमाराला विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. मला चांदीचा मुलामा दिलेला गणपती मिळाला होता आणि तोवर मला तो आवडतही होता.

दिसायला उंच, हाडकुळी. सुती साडी, पदर कंबरेला खोचलेला, वरून भावाचा जुना फुलशर्ट. अंबाड्यात पेन्सिल. फुलं कधी पाहिली नाहीत, पण पेन्सिल हळदीकुंकवालाही असायची. कुणाच्याही घरी गेली की खुर्चीत बसण्याआधी तिला बोटाच्या पेराने टकटक करायची. दार, कपाट, पाट, काही सोडायची नाही. टकटक करून झाली की त्या घरातल्या बाईला सांगायची, ही शिवणीच्या लाकडाची आहे गो, जप हिला. आमच्याकडे नवीन डायनिंग टेबल आलं तेव्हा मी मुद्दाम तिला पोह्यांना बोलावलं. तिने टेबलावर टकटक केली, पोहे खाल्ले, पोह्यांचं कौतुक केलं आणि गेली. टेबलाबद्दल एक अक्षर नाही. ते टेबल भुशाच्या फळ्यांचं होतं हे मला दुकानदाराने सांगितलं नव्हतं, तिच्या गप्प राहण्याने सांगितलं.

तिचं आणखी एक खूळ होतं. कुठलीही उभी वस्तू दिसली की ती सुटेल कशी, हे ती आधी बघायची. आयुष्यभर दोन-तीन दिवसांचे स्टॉल उभे करून उतरवल्यावर दुसरं काय होणार. माझ्या भाचीच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि ही मांडवाच्या पाठीमागे जाऊन डेकोरेशनवाल्याशी कुजबुजत होती. मी ओढून आणली तर म्हणाली, "बांधणारे पुष्कळ गो, नलू. पाडताना शिवी पडू नये असं बांधणारे थोडे." लग्नाच्या मांडवात हे वाक्य. भाचीचं सगळं नीट झालं म्हणून बरं.

चाळीत मला मान होता. बढाई नाही, होता. मंगळवारचं भजन माझ्या खोलीत व्हायचं, महिला मंडळाची चावी माझ्याकडे, नव्या सुनेला ओटी भरायची तर आधी मला विचारायचे. प्रभा या कशातच नव्हती. वर्गणी वेळेवर द्यायची आणि बाजूला व्हायची. त्यामुळे तिच्याकडून मला काही धोका आहे असं स्वप्नातही आलं नाही.

मग मागची इमारत पाडायला काढली. चाळीला दोन इमारती होत्या, पुढची आमची आणि मागची. मागची धोकादायक ठरली, बिल्डर आला, तिथली बिऱ्हाडं पांगली आणि पाडकामवाल्याने ती उतरवायला घेतली. पाडलेलं लाकूड पाडकामवाल्याचं, असा रिवाज आहे. आणि ते लाकूड म्हणजे बर्मा सागवान, गिरण्यांच्या काळात बोटीने आलेलं. लांब तुळया वखारवाल्यांनी लगोलग उचलल्या. मागे राहिला तो खिळ्यांनी भरलेला माल. खिळ्याच्या लाकडाला सॉमिलवाला हात लावत नाही, कारण करवतीचं पातं जातं. प्रभा रोज छत्री घेऊन त्या धुळीत उभी राहायची. पाडकामवाला तिच्या गावाशेजारचा निघाला, दोघांचं मालवणीत जमलं आणि तो सगळा ढीग, वर चार धड खांब, त्याने तिच्या नावाने सोडून दिला. त्याच्या दृष्टीने जळण होतं.

बिल्डरचं काम पुढे कागदांत अडकलं. मागची जागा मोकळी पडली. प्रभाने कमिटीला विचारलं, काम सुरू होईपर्यंत तिथे एक शेड उभी करू का, सुतारकामाची. कमिटीला वाटलं, बाई चार पत्रे लावील आणि कंटाळेल. हो म्हणाले.

पहिलं काम खिळे काढायचं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ती ते फळीवरून हळूहळू फिरवायची. जिथे दोरी ओढ घ्यायची तिथे पेन्सिलीने फुली. मग खाली ठोकळा लावून जंबुराने खिळा उपसायचा. दुपारच्या वेळी चाळीतल्या बायका बघायला म्हणून खाली गेल्या आणि एकेक जण जंबूर घेऊन बसली. तांदूळ निवडायला बसावं तशा बसल्या होत्या, मांडी घालून, पुढ्यात डबा. मागच्या इमारतीतल्या, लांब राहायला गेलेल्या बायकाही रिक्षा करून यायला लागल्या. त्यांना आपापलं लाकूड ओळखू यायचं. ही आमच्या मोरीची चौकट, ह्या कडीला आमच्या बाबूचा पाळणा होता. एक बाई पाळण्याची कडी हातात धरून रडली आणि बाकीच्यांनी तिला चहा पाजला. हे मला सगळं गॅलरीतून दिसत होतं. त्या मंगळवारी माझ्याकडे भजनाला दोन बायका आल्या. त्यातल्या एकीला ऐकू येत नव्हतं.

मी खाली गेले नाही. मला धुळीचा त्रास आहे असं मी सांगितलं. खरं तर पोटात दुखत होतं, आणि त्याला ओव्याचा उपयोग नव्हता.

शेडच्या मुहूर्ताला मात्र जावं लागलं. आरतीचं ताट धरायला माझ्याशिवाय कोण. प्रभाने चाळीला बोलावलं होतं. चार खांब उभे केलेले, नारळ फुटला, कॉम्प्रेसर सुरू झाला, बाईंनी नेलगन उचलली आणि पहिली आडवी पट्टी खांबाला टेकवून घोडा ओढला. फट्ट झालं, पण खिळा आत गेला नाही. लाकडावरच कुरडईसारखा वळून बसला. दुसऱ्याचं तेच. तिसरा उडाला तो थेट माझ्या हातातल्या ताटावर. टण्णकन आवाज झाला आणि निरांजन विझलं. बाईंचा सगळा जन्म प्लाय आणि पाइनच्या मऊ लाकडात गेला होता. शंभर वर्षं वाळलेलं सागवान तिने उतरवताना पाहिलं होतं, त्याच्याशी झुंज कधी घेतली नव्हती. ती खांबाकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हातारं झालंय. ऐकत नाय कोणाचं." लोक हसले. मीही हसले आणि मला मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात दळवी गर्दीतून निघून जिना चढून वर गेले. मला वाटलं, बातम्यांची वेळ झाली. निवृत्त झाल्यापासून दळवींचं जग एवढंच होतं, गॅलरीतली खुर्ची, पेपर, बातम्या, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला एक 'हं'. पण ते खाली आले ते हातात गोणपाटाचं बोचकं घेऊन. ते बोचकं मी ओळखलं. माळ्यावरचं. माझे सासरे गिरणीत सुतारखात्यात होते, त्यांची हत्यारं त्यात होती. दर दिवाळीला साफसफाई करताना मी विचारायची, हे काढून टाकू का, आणि दळवी म्हणायचे, राहू दे. मला त्याची गाठ कधी सोडू दिली नव्हती. ती गाठ त्यांनी तिथे सगळ्यांसमोर सोडली, आतून गिरमिट काढलं, लाकडाला भोक पाडायचं हातानं फिरवायचं साधं गिरमिट, आणि प्रभाच्या हातात दिलं.

पुढे सगळं त्या गिरमिटावर चाललं. खांबांना आणि तुळयांना भोकं पाडून बोल्ट आणि पाचरी, आणि नेलगन फक्त पातळ फळ्यांना, हवेचा दाब वाढवून. भोकं पाडायला दळवी. हे कुणी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर ते चप्पल घालून खाली गेले, तिसऱ्या दिवशीही गेले, आणि मग त्यांची गॅलरीतली खुर्ची मी आत घेतली, कारण तिच्यावर कबुतरं बसायला लागली.

शेड उभी राहिली तशी लोक बघायला यायचे. खांब जमिनीत गाडलेच नव्हते. फरशीच्या दगडांवर नुसते ठेवलेले, वरून तुळयांनी एकमेकांत अडकवलेले. एकही सांधा असा नव्हता की जो लाकडी मोगरीच्या चार ठोक्यांत सुटणार नाही. प्रत्येक तुकड्यावर तिने लाल नेलपॉलिशने खूण केली होती, कारण खडू पुसला जातो आणि ऑइलपेंट वाळायला वेळ लागतो. दुकानात जाऊन तिने घाऊक नेलपॉलिश घेतलं तेव्हा दुकानदाराने घरात लग्न आहे का विचारलं म्हणे. तिच्या स्वतःच्या नखांना ते कधी लागलं नाही. फळ्यांना खिळे मोजकेच मारायचे, अशी सक्त ताकीद. दळवींचा हात सैल सुटायचा, एकाच्या जागी दोन खिळे जायचे, मग ती ओरडायची, भाऊजी, ह्यां उद्या कोण काढणार. आणि दळवी हसायचे.

त्या हसण्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी वर भाजी निवडत असायची आणि खालून ते हसणं यायचं. मोठ्याने, घशातून. मी आधी ओळखलंच नाही, वाटलं कुणी पाहुणा आलाय. लग्नानंतर पहिली एक-दोन वर्षं असं हसायचे, मग कंपनी, लोकल, मुलाची शाळा, सासऱ्यांचं आजारपण, यात ते कुठे गेलं मला कळलं नाही आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. मला वाटलं, वय झालं की माणसं हसायची थांबतात. ते थांबलं नव्हतं. दोन जिने खाली, दुसऱ्या बाईच्या शेडमध्ये होतं. शेजारच्या कामतकाकू गॅलरीतून म्हणाल्या, दळवींना नोकरी लागलेली दिसते. मी म्हटलं, हो, बिनपगारी. काकूंनी असं तोंड केलं की मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लोक समजतात तसलं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. प्रभाला मी ओळखत होते आणि दळवींना तर फारच. तसलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे त्याहून वाईट होतं. माझ्या नवऱ्याला आनंद व्हायला मी लागत नव्हते. मला तो माणूस परत हवा होता, आणि हसण्यासकट हवा होता.

म्हणून दळवी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते त्या दुपारी मी खाली उतरले. काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. शेडमध्ये जुन्या सागवानाचा तो कडवट-तेलकट वास, एका बाजूला घडीची टेबलं, देव्हारे, पाट. छोट्या खोल्यांत मावतील अशा वस्तू ती करायची आणि चाळीत वाटायची. आत्ता एक लांब फळी भिंतीला लावत होती, एका हाताने पेलत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ह्यां टोक धर गो आधी." धरावं लागलं, नाहीतर ते तिच्या पायावर पडलं असतं. मग तिने नेलगन माझ्या हातात दिली, टोक टेकव, दाबून धर, ओढ. मी ओढला. फट्ट. हाताला धक्का बसला आणि खिळा नाहीसा झाला. एवढ्या कठीण लाकडात, माझ्या हातून. मी न विचारता दुसरा मारला. मला ते फार आवडलं, आणि आवडलं याचाच मला जास्त राग आला.

त्या रागाच्या भरात मी म्हटलं, "प्रभा, यांना रोज रोज खाली बोलवत जाऊ नकोस."

तिने फळी हाताने दाबून पाहिली, पक्की झाली का ते. मग म्हणाली, "मी बोलवत नाही, नलू. ते येतात. आणि चहाची वेळ झाली की जातात. सगळीच जातात. फळीचं एक टोक माझ्या हातात असतं, दुसरं भाऊजींच्या, आणि ते घड्याळ बघून म्हणतात, नलू थांबली असेल. मग ती फळी मी एकटी उतरवून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवते." एवढं बोलून तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि पुढच्या फळीवर खुणा करायला लागली. तक्रारीचा सूर नव्हता. लाकूड कसं वागतं ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

मी वर आले. दळवी आले, सुजलेला गाल धरून. मी त्यांना जास्त आलं घालून चहा दिला आणि खालचं काही बोलले नाही. माझ्यावरही कुणीतरी जळत होतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली. पुढचे काही दिवस मी चाळीत फार गोड वागले, असं कामतकाकू म्हणतात.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गणपतीत प्रभा गावी गेली, त्यांच्याकडे कोकणात मोठा गणपती असतो. मी म्हटलं, आता हे माझे. आमच्या घरचं मखर आम्ही दोघांनी करायचं, ही आमची लग्नापासूनची पद्धत. दळवी म्हणाले, शेडची चावी माझ्याकडे दिलीय, जरा लक्ष ठेवून येतो. आणि दुपारभर खालून फट्ट, फट्ट. आत कुणी नाही, प्रभा नाही, बायका नाहीत, हे एकटेच. वर आले की हाताला सरस चिकटलेला. काय करत होता विचारलं तर म्हणाले, थोडं पक्कं करत होतो. मखराला मी एकटीने कागद चिकटवले. आरतीला सगळे म्हणाले, यंदा मखर जरा वाकडं वाटतंय.

त्यानंतर बिल्डरचे कागद सुटले. नोटीस लागली, पुढची इमारतही रिकामी करायची, सगळ्यांनी भाड्याने कुठे कुठे जायचं, आणि शेड तर सगळ्यात आधी हलवायची. चाळ पेटली. प्रभाताईंची शेड हलणार नाही, आम्ही आडवे पडू. आडवे पडणाऱ्यांत आमच्या मंडळाच्या सगळ्या बायका पुढे. प्रभा हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, कशाला आडव्या पडता, सुटायलाच बांधलीय. कुडाळजवळ तिच्या भावाच्या घरामागे मोकळं परडं होतं. तिथे जाऊन ती शेड तशीच्या तशी उभी करणार होती, आणि स्वतःही तिथेच राहणार होती. हे तिने कधीपासून ठरवलं होतं कोण जाणे. आम्ही मुंबईत भाड्याची घरं शोधत होतो आणि ही आपलं छप्पर बरोबर घेऊन निघाली होती.

उतरवायचं काम बघायला अख्खी चाळ जमली. मीही होते. पत्रे आले, वासे आले, नेलपॉलिशच्या खुणेप्रमाणे एकेक तुकडा रांगेत. मोगरीचे ठोके, पाचर बाहेर, तुळई खाली. कुठे फट नाही, कुठे कपची उडाली नाही. पाडकामवालाही आला होता, तो नुसता मान हलवत होता. मग ती पाट-टेबलांच्या थप्पीमागे इतके दिवस झाकलेल्या मागच्या भिंतीकडे वळली. पहार घातली, फळी हलली नाही. दुसरी हलली नाही. तिने चष्मा लावून जवळून पाहिलं. प्रत्येक फळीला खिळ्यांची दाटी होती, वरून खालपर्यंत, आणि फटींत सरस भरलेला. ती भिंत सुटी होणार नव्हती. तोडावीच लागली असती.

ती मागे वळली. "भाऊजी, ह्यां तुम्ही केलंत?"

दळवी गिरमिट हातात घेऊन उभे होते. शाळेत पकडलेल्या मुलासारखे खाली बघत राहिले. गणपतीतल्या दुपारी हे खाली काय करत होते ते मला तेव्हा कळलं. ती शेड जाऊ नये म्हणून हा माणूस एकटा बसून खिळे मारत होता. सुटायला बांधलेली वस्तू सुटू नये म्हणून. माझ्यासाठी या माणसाने आयुष्यात एक जादा खिळा ठोकला नव्हता. मी तिथे, सगळ्या बायकांच्या मधे उभी होते आणि मला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं, शुद्ध मत्सराचं होतं. बायकांना वाटलं, नलूताईंना प्रभा जाणार म्हणून वाईट वाटतंय. दोघीतिघींनी पाठीवर हात ठेवला.

मला वाटलं प्रभा चिडेल. तिचं एकच तत्त्व होतं, आणि ते दळवींनी मोडलं होतं. तिने त्या भिंतीवर पेराने टकटक केली, खालपासून वरपर्यंत. मग टेंपोवाल्याला म्हणाली, मोठी गाडी आण, ही अख्खी जाणार.

त्या संध्याकाळी दळवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ती भिंत तिच्या खुणांप्रमाणे बसणार नाही. मी घोळ केलाय, मलाच लावून द्यायला हवी. आठ-दहा दिवस लागतील. जाऊ का?" या घरात ते कुठेही जाताना 'जातो' म्हणायचे. 'जाऊ का' मी पहिल्यांदा ऐकलं. नको म्हटलं असतं तर ते राहिले असते. राहिले असते आणि खुर्चीत बसले असते. मी पोळी तव्यावर उलटवली आणि म्हटलं, जा, पण स्वेटर ने, परड्यात रात्री गार असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी भरली. तुळया खाली, फळ्यांच्या थप्प्या वर, आणि ती भिंत एका बाजूला उभी, दोरांनी बांधलेली. मी खाली गेले नाही. निरोपाचं कुंकू लावायला कामतकाकूंना पाठवलं. वरून मला सगळं दिसत होतं. पुढे ड्रायव्हर, मधे दळवी मांडीवर पिशवी धरून, आणि खिडकीशी प्रभा, तोच शर्ट. गाडी फाटकातून निघाली तेव्हा भिंत कमानीला घासेल म्हणून तिने अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि वर बघत ड्रायव्हरला येऊ दे, येऊ दे करत राहिली. कमान सुटली. तिची मान वरच होती, तशीच ती गॅलरीकडे वळली आणि मी तिला दिसले. काय करावं मला सुचेना. एवढं सगळं घेऊन निघालीस, आता माझ्याकडून काय हवं, असं मनात आलं. आणि माझा हात वर गेला. चांगला वर गेला, मी तो हलवला, गाडी वळेपर्यंत हलवत राहिले.

प्रभाच्या मागून दळवी वाकले, त्यांनी मला पाहिलं, आणि खिडकीतून हात काढून ते जोरजोरात हलवायला लागले. हात मी तिला केला होता. दळवींना ते अजूनही माहीत नाही.